जोडीने भांडी रंगवताना

सिरॅमिक स्टुडिओत भांडे रंगवणे म्हणजे आधीच घडवून एकदा भाजलेल्या मातीच्या भांड्यावर खनिज रंगांनी काम करणे आणि वर पारदर्शक ग्लेझ चढवून ते भांडे पुन्हा भट्टीत भाजून घेणे. चाकावर माती उभी करायला महिनोन्‌महिने सराव लागतो. रंगवायला तेवढा लागत नाही. दोन मैत्रिणी किंवा दोन मित्र एका दुपारी जाऊन प्रत्येकी एक मग किंवा बशी पुरी करू शकतात, म्हणून हा छंद जोडीने करायला फार सोयीचा आहे. मात्र टेबलावर होते ते अर्धेच काम. उरलेले अर्धे भट्टी करते. तिथे रंग पक्के होतात, बदलतात, कधी उडूनही जातात. भट्टीत काय टिकते आणि काय टिकत नाही हे ब्रश हातात घेण्याआधी ठाऊक असले, तर घरी येणारे भांडे काचेच्या कपाटात न अडकता रोजच्या वापरात राहते.

सुरुवातीलाच एक फरक ध्यानात घ्यायला हवा. ‘पॉटरी पेंटिंग’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे प्रकार चालतात. पहिल्यात लाल मातीची कुंडी, कुल्हड किंवा पणती ॲक्रिलिक रंगांनी रंगवतात, वर वॉर्निश मारतात आणि त्याच दिवशी घरी नेतात. हे भांडे पुन्हा भट्टीत जात नाही. रंग वरवर चिकटलेला असतो. पाण्याने आणि घासण्याने तो सुटतो. दिवाळीच्या पणत्या किंवा बाल्कनीतल्या कुंड्या यांसाठी हा प्रकार उत्तम आहे; पण ॲक्रिलिकने रंगवलेल्या कुल्हडात चहा पिऊ नये, मग तो कितीही चकचकीत दिसो. दुसऱ्या प्रकारात रंग आणि ग्लेझ हजार अंश सेल्सिअसच्या आसपास भाजले जातात, ग्लेझची काच होते आणि तिच्याखाली चित्र कायमचे बंदिस्त होते. या लेखाचा विषय हा दुसरा प्रकार आहे.

म्हणून स्टुडिओत जागा नोंदवताना पहिला प्रश्न हाच विचारावा: रंगवलेले भांडे भट्टीत भाजून मिळणार का? उत्तर होकारार्थी असेल तर पुढचे प्रश्न आपोआप येतात. भांडे, रंग, ग्लेझ आणि भाजणी हे सगळे एकाच शुल्कात आहे की भाजणीचे पैसे वेगळे पडतात? भांडे किती दिवसांनी मिळेल? भट्टीत तडा गेला तर स्टुडिओ दुसरे भांडे देतो का? ग्लेझ शिसेविरहित आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी योग्य आहे का? शेवटच्या प्रश्नाला नेमके उत्तर न देणाऱ्या स्टुडिओत कप आणि ताटल्या रंगवू नयेत. फुलदाणी रंगवायला हरकत नाही.

स्टुडिओच्या फळीवर जी पांढरीफटक, खडूसारखी दिसणारी भांडी मांडलेली असतात त्यांना बिस्क म्हणतात. कच्चे भांडे पूर्ण वाळले तरी मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी शिल्लक असते. ते साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघून जाते आणि त्यानंतर माती पाण्यात पुन्हा कधीच विरघळत नाही. सुमारे १००० अंशांपर्यंत भाजलेले बिस्क हातात धरण्याइतके कणखर, पण अजून सच्छिद्र असते. ही सच्छिद्रताच रंगवणाऱ्याच्या कामाची असते. रंग लावताक्षणी त्यातले पाणी माती शोषून घेते आणि रंगाची भुकटी पृष्ठभागावर बसून राहते. कागदावर जलरंगांची सवय असलेल्यांना इथे पहिल्याच फटकाऱ्याला आश्चर्य वाटते, कारण ब्रश दोन इंचांत कोरडा पडतो. त्यावर उपाय म्हणजे ब्रश रंगाने पुरता भरून घेणे आणि तो न दाबता रंग वाहू देणे.

भांडे निवडताना हौसेपेक्षा आकाराचा विचार करावा. सपाट फरशी आणि उथळ बशी सर्वांत सोपी, कारण हात टेकायला जागा मिळते आणि रंग ओघळत नाही. सरळ भिंतीचा मग त्यानंतर येतो. अरुंद गळ्याची फुलदाणी, चहाची किटली, प्राण्यांच्या आकाराची भांडी दिसायला लोभसवाणी असली तरी त्यांच्या खाचाखोचांत ब्रश पोचत नाही. पहिल्या खेपेला ती फळीवरच राहू द्यावीत. निवडलेले भांडे तळहातावर ठेवून, माठ घेताना मारतात तशी टिचकी मारून पाहावी. खणखणीत आवाज आला तर भांडे धड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखा तडा आहे आणि तो दुसऱ्या भाजणीत उघडणार. साच्यातून काढलेल्या भांड्याला कडेने एक बारीक शिवण असते. ती खटकत असेल तर ओल्या स्पंजने किंवा ओल्या वॉटर पेपरने घासावी. कोरडे घासले की सिलिकेची बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसांना घातक असते.

रंगवण्याआधी भांडे पिळून घेतलेल्या ओलसर स्पंजने एकदा पुसून घ्यावे. धुळीवर रंग नीट बसत नाही आणि भाजताना त्या जागी ग्लेझ मागे सरकून माती उघडी पडते. भांडे पाण्यात बुडवू मात्र नये. पाणी प्यालेले बिस्क रंग शोषत नाही. हाताला क्रीम किंवा तेल लावून येऊ नये, कारण बोटांचे तेलकट ठसे रंग आणि ग्लेझ दोन्ही दूर लोटतात. अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. मगाच्या काठाला अंगठी लागून टवका उडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

भट्टीतले रंग धातूंच्या ऑक्साइडांपासून येतात. कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा, लोखंडापासून पिवळसर ते गडद तपकिरी, मँगनीजपासून जांभळट तपकिरी. ग्लेझमध्ये कथील घातले की ते अपारदर्शक पांढरे होते. चीनमधल्या जिंगदेजनची, हॉलंडमधल्या डेल्फ्टची आणि आपल्या जयपूरची भांडी एकमेकांपासून इतक्या दूर घडली तरी तिन्ही निळी का, याचे एक मोठे कारण हेच: कोबाल्ट भट्टीच्या उष्णतेत उडून जात नाही आणि चिमूटभर पुरतो. (जयपूरची ब्लू पॉटरी तर मातीचीही नसते, ती मुख्यतः क्वार्ट्झची पूड आणि काच यांच्यापासून घडवतात. तिच्यातला फिरोजी रंग तांब्याचा.) लाल रंगाने मात्र कुंभारांना शतकानुशतके दमवले. तुर्कस्तानातल्या इझनिकच्या कारागिरांना सोळाव्या शतकाच्या मध्यावर लोहयुक्त मातीपासून ठसठशीत लाल साधला. आजचे भडक लाल आणि केशरी रंग कॅडमियम व सेलेनियमचे असतात आणि त्यांचे कण झिरकॉनच्या कवचात बंद केलेले असतात, म्हणून ते भट्टीत तगतात. तरीही लाल, गुलाबी आणि जांभळ्या छटा फार जास्त तापमानात फिकट पडतात किंवा नाहीशा होतात. स्टुडिओची भट्टी किती अंशांपर्यंत जाते हे विचारूनच त्या निवडाव्यात.

बहुतेक स्टुडिओ नवख्यांना अंडरग्लेझ देतात. हे रंग बारीक माती, रंगद्रव्य आणि काचेची थोडी पूड यांचे मिश्रण असते. ते जिथे लावले तिथेच राहतात, वितळून वाहत नाहीत, म्हणून बारीक रेघ आणि अक्षरे त्यांनीच काढावीत. काही ठिकाणी रंगीत ग्लेझही मिळतात. ते वितळतात, एकमेकांत मिसळतात, कडांवरून खाली ओघळतात. त्यांच्यातले सौंदर्य वेगळे असते, पण त्यांच्याकडून चित्राची अपेक्षा ठेवू नये. बाटलीतला रंग आणि भाजल्यावरचा रंग यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बाटलीत राखाडी दिसणारा रंग भट्टीतून गडद निळा होऊन येऊ शकतो. म्हणून बाटलीकडे न पाहता भिंतीवर टांगलेल्या भाजलेल्या नमुना-फरशांकडे पाहून रंग ठरवावेत. दोन अंडरग्लेझ एकत्र कालवून तिसरी छटा करता येते, पण तीही आधी भाजून पाहिलेली नसेल तर नशिबावर सोडावी लागते.

आता सोबतीचा भाग. दोघे समोरासमोर बसून आपापले भांडे रंगवतात तेव्हा गप्पा होतात, पण दोन भांड्यांचे एकमेकांशी काही नाते राहत नाही. थोडे आधी ठरवले तर तेवढ्याच वेळात पुष्कळ जास्त हाती येते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रंग समान ठेवणे: एक गडद, एक मध्यम, एक फिकट, असे तीनच रंग दोघांनी वापरावेत आणि नक्षी ज्याची त्याने करावी. चार-पाच वर्षांनी ते दोन मग वेगवेगळ्या घरांत असले तरी जोडीचे म्हणून ओळखू येतील. दुसरा मार्ग एकच रेघ दोन भांड्यांवरून नेण्याचा आहे. दोन मग शेजारी ठेवून डोंगराची ओळ, नदी किंवा वेल एकावरून दुसऱ्यावर जाईल अशी पेन्सिलीने आखावी. आखणीसाठी साधी पेन्सिल बिनधास्त वापरावी. तिचे ग्राफाइट भट्टीत जळून जाते, खोडण्याची गरजच नसते. पेन आणि मार्कर मात्र दूर ठेवावेत, कारण काही शाईंतले घटक भाजल्यावर डाग सोडतात.

तिसरा मार्ग एकाच मोठ्या थाळीवर दोघांनी काम करण्याचा. यासाठी स्टुडिओत हाताने फिरवायची छोटी फिरती चकती मिळते. थाळी तिच्या मध्यावर ठेवून एकाने चकती सावकाश फिरवावी आणि दुसऱ्याने ब्रश एका जागी स्थिर धरावा. कडेची गोल पट्टी अशी जितकी सुबक येते तितकी हाताने ओढून कधीच येत नाही. एकट्याला एका हाताने चकती आणि दुसऱ्याने ब्रश सांभाळावा लागतो, तिथे सोबत्याचा हात खरोखर उपयोगी पडतो.

नक्षीसाठी आपल्याकडे आयते भांडार आहे आणि त्यातले बरेच काही मातीवर नेमके बसते. ठिपक्यांची रांगोळी घ्यावी. चौकोनी फरशीवर पेन्सिल आणि पट्टीने ठिपके मांडता येतात, ठिपके चुकले तरी पुसावे लागत नाहीत, आणि दोघांनी एकेक बाजू घेतली तर नक्षी मध्यावर येऊन जुळते. खोलगट ताटात ठिपक्यांच्या ओळी कडेकडे वाकड्या होतात. तिथे रांगोळी फक्त सपाट मध्यभागात ठेवावी आणि कड मोकळी सोडावी. थाळीचे आठ समान भाग करायला कागदाचा गोल कापून तीनदा अर्ध्यात दुमडावा आणि घड्यांच्या टोकांवर पेन्सिलीची खूण करावी.

वारली चित्र करताना एक अडचण येते, आणि ती सोडवण्याची रीत शिकण्यासारखी आहे. भिंतीवर गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने पांढऱ्या आकृत्या काढतात. भांड्यावर तसेच करायला जावे तर गडद तपकिरीवर काढलेला पांढरा रंग भाजल्यावर मळकट दिसतो, कारण फिकट अंडरग्लेझ गडदाला पुरते झाकत नाही. म्हणून उलट करावे. थाळीच्या पांढऱ्या बिस्कवर तपकिरी रंगाचे तीन हात द्यावेत. रंगाची ओली चमक जाऊन तो मंद झाला, पण बोटाला अजून गारवा लागतो, अशा वेळी सुईसारख्या धातूच्या हत्याराने आकृती खरवडून काढावी. सुईखालून बिस्कचा पांढरा रंग वर येतो आणि तीच रेघ होते. गडद रंगावर पेन्सिल दिसत नसल्याने आधी सुईनेच अगदी हलकी सर्पिल रेघ मारून घ्यावी, मग तिच्यावर तारपा नाचाच्या आकृत्या बसवाव्यात: टोकाला टोक लागलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर गोल डोके, हातापायांच्या एकेक रेघा. गोल थाळीत फिरत जाणारी ही साखळी फार देखणी बसते. एकाने बाहेरच्या टोकाकडून आणि दुसऱ्याने तारपा वाजवणाऱ्यापासून सुरुवात केली तर दोघांच्या आकृत्यांच्या लकबी वेगळ्या दिसतात. त्या एकसारख्या करण्याच्या फंदात पडू नये. खरवडलेला चुरा फुंकरीने उडवू नये, मऊ कोरड्या ब्रशने झटकावा. रंग पूर्ण वाळल्यावर खरवडले तर कडा तुटतात आणि धूळही जास्त होते.

गोल पृष्ठभागावर चित्र कसे मांडावे हे पुस्तकातल्या सपाट छायाचित्रांवरून कळत नाही. प्रत्यक्ष भांडी पाहावी लागतात. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली भांडी घडवण्याचे आणि रंगवण्याचे काम सुरू झाले, आणि त्या भांड्यांवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या आकृत्याही आल्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या या कुंभारकामाचे नमुने आहेत. गोव्यात पणजीला अझुलेजो पद्धतीच्या हाताने रंगवलेल्या फरशा घरांच्या दारांवर नावाच्या पाट्या म्हणून लावलेल्या दिसतात. पांढऱ्या जमिनीवर केवळ निळ्या रंगात किती साधते ते तिथे कळते. स्टुडिओत जाण्याआधी दोघांनी अशी एखादी चक्कर मारली तर काय काढायचे यावर टेबलाशी तासभर जात नाही.

रंगाचे हात देण्याची रीत ठरलेली आहे आणि ती मोडली की भाजल्यावर दिसतेच. भरीव रंग हवा असेल तर तीन हात द्यावेत: पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा किंवा तिरका. प्रत्येक हात वाळून मंद दिसू लागल्यावरच पुढचा द्यावा; बिस्कवर त्याला काही मिनिटे पुरतात. एकच हात दिला तर ब्रशच्या फटकाऱ्यांचे पट्टे दिसतात. ते पट्टे कधी मुद्दाम ठेवण्यासारखेही असतात, पण मग ते ठरवून ठेवावेत. उलट घाईने एकच जाड थर फासला तर तो वाळताना भेगाळतो, आणि भाजताना त्याच्यासकट ग्लेझ सोलून निघते. फिकट रंग आधी, गडद नंतर. पार्श्वभूमीसाठी रुंद चपटा ब्रश, रेघेसाठी लांब केसांचा गोल ब्रश. ठिपक्यांसाठी ब्रशची मागची बाजू रंगात बुडवून टेकवावी. ब्रशच्या टोकाने काढलेला ठिपका गोल येत नाही. जो भाग पांढरा राखायचा तिथे द्रव मेण लावावे किंवा चिकटपट्टी लावावी. मेण लावायला स्टुडिओचा वेगळा जुना ब्रश असतो, तोच वापरावा. रंगाचा चांगला ब्रश मेणात बुडवला की तो गेलाच.

दोन हातांमधल्या या मोकळ्या मिनिटांत सोबत्याचे भांडे पाहावे. आपले भांडे सोबत्याच्या हाती देऊन त्याला ते हातभर अंतरावर धरायला सांगावे. जवळून ठीक वाटणारी नक्षी लांबून पाहिली की कुठे गर्दी झाली, कुठे भगदाड राहिले, हे दोघांनाही दिसते, आणि भांड्याच्या दृष्टीने ही सोबत अमूल्य असते. मात्र विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या भांड्यावर ब्रश चालवू नये, आणि ‘झाले आता, पुरे’ असे सोबत्याने म्हटले की त्याचे ऐकावे. नवख्यांची भांडी कमी कामाने क्वचितच बिघडतात. जास्त कामाने नेहमी बिघडतात. दोघांचा वेग सारखा नसतो हेही धरून चालावे. तीन हातांची पार्श्वभूमी असलेल्या मगाला दीड-दोन तास सहज लागतात. ज्याचे आधी होईल त्याने घाई न करता बुडावरची अक्षरे लिहावीत.

चुकले तर काय, ही भीती अनेकांना असते. भाजण्याआधी जवळजवळ सगळे दुरुस्त होते. अंडरग्लेझ ओल्या स्पंजने पुसता येते. निळा आणि काळा यांचा डाग मातीत थोडा मुरून राहतो, तो सुईने खरवडावा किंवा त्याच्यावरच एखादे पान, एखादा पक्षी बसवावा. सगळेच मनातून उतरले असेल तर भांडे नळाखाली धुऊन रात्रभर वाळू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करावी. भाजल्यानंतर मात्र बदल करायला जवळजवळ वाव नसतो.

बुडावर दोघांची नावे आणि साल जरूर लिहावे, पण पातळ रंगाने आणि बारीक ब्रशने. भांडे भट्टीत ज्या गोल कडेवर टेकते ती पूर्ण कोरी ठेवावी. तिथे ग्लेझ राहिले तर ते वितळून भट्टीच्या फळीला चिकटते आणि भांडे सोडवताना फुटते. मगाच्या आतल्या बाजूला आणि ओठ लागतात त्या काठाला शक्यतो रंगच लावू नये. तिथे फक्त पारदर्शक ग्लेझ असावे.

ग्लेझ बहुधा स्टुडिओतलेच लोक चढवतात, भांडे पातळ ग्लेझच्या बादलीत दोन-तीन सेकंद बुडवून. बाहेर आलेले भांडे दुधी थराने झाकलेले दिसते आणि खालचे चित्र पार गायब होते. ते पाहून घाबरू नये. तो थर म्हणजे काचेची कच्ची सामग्री असते: सिलिका, थोडी ॲल्युमिना आणि सिलिकेला कमी तापमानात वितळवणारी द्रव्ये. निव्वळ सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश लागतात. ही द्रव्ये तो आकडा हजारापर्यंत खाली आणतात. भट्टीत थर वितळून पारदर्शक काच होते आणि चित्र पुन्हा वर येते, आधीपेक्षा उजळ आणि गडद होऊन. ग्लेझ फार जाड बसले तर काच दुधाळ होते आणि बारीक रेघा पुसट होतात, म्हणून स्वतः ब्रशने ग्लेझ लावायचे असेल तर स्टुडिओने सांगितलेल्या हातांपेक्षा एकही जास्त देऊ नये.

मऊ भाजणीची भांडी १००० ते १०६० अंशांच्या आसपास भाजतात. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांवर. आतली स्थिती कळावी म्हणून भट्टीत मातीचे छोटे शंकू ठेवतात. ठरलेली उष्णता मिळाली की शंकूचे टोक वाकते. जर्मनीत हर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये हे शंकू प्रमाणित केले, पुढे अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी. आजही स्टुडिओत ‘कोन झिरो सिक्स’, ‘कोन सिक्स’ असे आकडे बोलले जातात ते यामुळे. यात झिरो सिक्स हे कमी तापमान, साधारण १००० अंश, आणि सिक्स हे जास्त, १२०० च्या वर. नवख्यांचा इथे हमखास घोळ होतो. भट्टी चढायला आठ ते बारा तास आणि उतरायला त्याहून जास्त लागतात. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांचा आकार एकाएकी बदलतो, म्हणून थंड होण्याची घाई केली तर भांडे तडकते. शिवाय भट्टी अर्धी रिकामी असताना कोणी पेटवत नाही. ती भरेपर्यंत थांबावे लागते. भांडे मिळायला एक ते तीन आठवडे लागतात ते या कारणांमुळे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, ग्लेझ वाळायलाही वेळ लागतो. वाढदिवसाला द्यायची भेट असेल तर महिनाभर आधी रंगवावी.

भांडी आणायला शक्यतो दोघांनी मिळून जावे आणि तिथेच उजेडात तपासावे. बुडाला खरखर असेल तर ती वॉटर पेपरने पाण्याखाली घासून काढावी, नाहीतर टेबलावर आणि एकात एक ठेवलेल्या ताटल्यांवर चरे पडतात. ग्लेझमध्ये जाळीसारख्या बारीक रेषा दिसत असतील तर काच आणि माती थंड होताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत असे समजावे. असे भांडे दिसायला सुंदर असते, पण मऊ भाजणीच्या भांड्यात त्या रेषांतून पाणी आणि तेल मातीत मुरते. त्यात खाद्यपदार्थ साठवू नयेत. पाणी मुरलेले भांडे मायक्रोवेव्हमध्ये पदार्थापेक्षा जास्त तापते. सोनेरी किंवा रुपेरी रेघ असलेले भांडे मायक्रोवेव्हमध्ये मुळीच ठेवू नये. गॅसवर यांतले काहीच चढवू नये, आणि फ्रिजमधून काढलेल्या भांड्यात उकळता चहा ओतू नये.

लोणचे, कोकम, चिंच, लिंबू, ताक यांच्याबाबत आपल्या स्वयंपाकघरात विशेष जपायला हवे. आंबट पदार्थ कमी प्रतीच्या किंवा कमी भाजलेल्या ग्लेझमधून धातू ओढून घेतात, आणि ग्लेझमध्ये शिसे असेल तर तेही अन्नात उतरते. आजीच्या काळातल्या चिनी मातीच्या बरण्यांत लोणचे वर्ष-वर्ष टिकले, कारण त्या उच्च तापमानाला भाजलेल्या दणकट स्टोनवेअरच्या होत्या. हौसेने रंगवलेले मऊ भाजणीचे भांडे त्या तोडीचे नसते. घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. लिंबाची फोड ग्लेझवर पालथी ठेवून रात्रभर झाकून ठेवावी आणि सकाळी ती जागा धुऊन पाहावी. तिथला रंग किंवा चमक बदलली असेल तर ते ग्लेझ आंबटाला टिकत नाही. मात्र चमक तशीच राहिली म्हणून भांड्यात शिसे नाही असे सिद्ध होत नाही. त्याची खात्री ग्लेझ बनवणाऱ्याच्या माहितीवरून किंवा प्रयोगशाळेतल्या तपासणीवरूनच होते. परीक्षेत उतरलेला, शिसेविरहित ग्लेझचा मग चहा-कॉफीसाठी रोज वापरावा आणि मऊ स्पंजने हाताने धुवावा. न उतरलेल्यात किंवा काठाचा टवका उडालेल्यात रोप लावावे किंवा पेने ठेवावीत, खाण्यापिण्याचे काही ठेवू नये.